गालातला पांढरा चट्टा

कोल्हारात मिश्री भाजावी तर गोजरबाईनंच. तंबाखू काळीभोर होईस्तोवर ती तव्यापुढून हलायची नाही. दाढ दुखो, हिरडी सुजो, नाहीतर कुणाची सून माहेराच्या आठवणीनं रडो, गोजरबाईचं औषध एकच. तिची स्वतःची सून छबू लग्न होऊन आली, त्याच आठवड्यात तिच्याही बोटावर तिनं चिमूटभर मिश्री ठेवली होती, अगदी मायेनं.

बाहत्तर साली गोजरबाईचीच दाढ ठणकू लागली. मिश्रीला दाद देईना, तेव्हा छबूला घेऊन ती कोपरगावला दातांच्या डॉक्टरांकडे गेली. दाढ उपटायची आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परतायचं, एवढाच बेत होता.

डॉक्टर मात्र दाढ सोडून गालच न्याहाळत बसले. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, मध्ये लालसर. कधीपासून आहे, त्यांनी विचारलं. झालं असेल वर्ष, ती म्हणाली. तिखटानं चुरचुरतं, पण मिश्री दाबून धरली की थांबतं. डॉक्टरांनी सांगितलं, मिश्रीनं जागा नुसती बधिर होते, आणि हा चट्टाही तिनंच आणलाय. कॅन्सर असू शकतो. त्यांनी बारीकसा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवला.

गोजरबाईचा चुलत दीर कॅन्सरनंच गेला होता. शेवटी शेवटी प्यायलेलं पाणी त्याच्या गालातून बाहेर यायचं. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढचे दहा दिवस तिला घास गिळवेना. जीभ सारखी त्या चट्ट्यावर जाई. मिश्री मागायला बाया आल्या की तंबाखू संपली म्हणून ती त्यांना वाटेला लावी.

दहा दिवसांनी दोघी पुन्हा गेल्या. कॅन्सरच होता, पण नुकताच धरलेला. मुंबईला जाऊन तेवढा भाग लगेच काढून टाकला तर जगाल, डॉक्टर म्हणाले. आणखी वर्ष गेलं असतं तर हातात काही उरलं नसतं. छबूनं सुटकेनं पदर डोळ्यांना लावला.

गोजरबाई खुर्चीवरून उठली आणि सुनेला तिथं बसवलं.

"हिचं बी तोंड बघा, डाक्तर," ती म्हणाली. "पाच वरसं झाली. हिला मीच लावलीय."

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. स्वतःचा निकाल ऐकताना गोजरबाई आताएवढी भ्यायली नव्हती. छबूनं तोंड उघडलं. आत बघायचा धीर न होऊन गोजरबाई डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यांनी आरसा गालाच्या आत सरकवला, आणि दिवा आणखी जवळ ओढला.