माळ्यावरचा गिझर

“भिंतच जाणार आहे, तिला भोकं कशाला पाडताय?” शेजारच्या काकू गॅलरीतून जाता जाता म्हणाल्या. मोरीत स्टुलावर ड्रिल घेऊन उभा असलेला इलेक्ट्रिशियन हसला. बाबाही हसले. काम तिथेच थांबेल, अशी मला भीती वाटली.

आमची परळची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. तेव्हापासून घरात काही दुरुस्त होत नाही. नळाला सुतळी, खिडकीला पुठ्ठा. दर पाडव्याला मात्र बाबा नव्या घरासाठी एक वस्तू आणतात, आई खोक्याला हळदकुंकू लावते आणि खोका माळ्यावर जातो. पंखा, मिक्सर, गिझर. गिझर साधारण आठ-दहा वर्षं टिकतो, असं मी नेटवर वाचलं होतं. आमच्या गिझरची वॉरंटी खोक्यातच संपली.

मोरीतला जुना गिझर गळून गळून बंद पडला, तरी बाबांचं ‘नव्या घरात लावू’ सुटलं नाही. पाणी तापवायच्या रॉडचा आईला एकदा शॉक बसला होता, म्हणून ती गॅसवर पाणी तापवून पातेलं मोरीत नेऊ लागली. तिचं मनगट मागे मोडलं होतं, पकड अजून नीट नाही. ते पातेलं डचमळताना मी रोज बघायचे. बोलायचे नाही. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकून लहानपणी सगळे हसायचे. गप्प राहणं तेव्हापासूनचं.

गेल्या आठवड्यात आईच्या पायावर पाणी सांडलं. तेव्हा कुठे बाबांनी खोका खाली काढला.

ड्रिल लावल्यावर आधी गिलावा पडला, मग विटेचा ओला भुगा. जुन्या गळतीने भिंत आतून गेली होती. समोरच्या भिंतीचंही तेच. बोल्ट नुसत्या बोटांनी बाहेर येत होता. भरलेल्या गिझरचं वजन ही भिंत घेणार नाही, असं सांगून इलेक्ट्रिशियनने सहज विचारलं, “नवीन घर कधी मिळतंय, काका?”

बाबा फडक्याने खोका पुसत राहिले. मग खोका परत माळ्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला वाफ आली. आईने दोन फडकी घेतली, पातेल्याचे काठ धरले. पायावरची पट्टी अजून तशीच होती. बाबा पेपरामागे होते. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं.

“आई, खाली ठेव ते,” मी म्हणाले. “मी नेते.”