अंगणातली लाईन

भिवाजी रेल्वेच्या पळसदरी गँगमध्ये होता. हातोडा खांद्यावर टाकून रोज घाटातली रेल्वे लाईन पायी तपासायची, हे त्याचं काम. सत्तर सालची भातकापणी उरकली आणि एका सकाळी त्याच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला. आता रोज चालवा."

बायकोनं, गोदूबाईनं, भिसेगावच्या घरापुढं बांबूचा कठडा बांधला. भिवाजी तो धरून उभा राही, पावलाकडे बघे आणि थिजून जाई.

"पाय ऐकत नाय गं," म्हणे आणि भिंतीकडे तोंड करून निजे.

गोदूबाईच्या मनात आलं, या माणसाचा जन्म रुळांखालच्या आडव्या स्लीपरांवर पाय टाकण्यात गेला. सपाट अंगणात पायाला ओळखीचं काय सापडणार? तिनं अंगण सारवलं आणि चुन्याचे आडवे पट्टे ओढले, त्या स्लीपरांसारखे.

"ही कसली रांगोळी?"

"तुमची लाईन हाय. चला, तपासायची हाय."

त्याला हसू आलं. पण नजर पट्ट्यावर गेली आणि पाऊल आपसूक नजरेमागं गेलं.

मग तिनं सगळा घाटच उभा केला. पडवीला गोणपाटं टांगून बोगदा केला. ओढ्यातली खडी आणून पसरली. पट्ट्यांवर बांबूच्या कांबी ठेवल्या, म्हणजे पाय उचलावाच लागे. स्वतः पुढं उलटी चालत बोलत राही, "आता पूल आला. खाली बघू नका."

"पूल बोगद्याच्या आधी नाय, नंतर हाय," तो चिडे आणि त्या भरात पुढं सरके. तिनं घाटातली लाईन कधी पाहिलीच नव्हती. हळूहळू ती मुद्दाम चुकू लागली.

एकदा तो खडीत कोसळला आणि रडला. तिनं पदरानं गुडघा पुसला. "थांबायचं का?"

"गाडी यायच्या आत बाजूला तरी घे," तो म्हणाला.

नोकरी काही परत मिळाली नाही. डावा पाय कायमचा ओढतच राहिला. पण पुढच्या उन्हाळ्यात काठी टेकत तो तिला घेऊन पळसदरीला उतरला. त्याच्या गँगचा मुकादम नागू हात द्यायला धावला.

"राहू दे रं. हिला लाईन दाखवायची हाय."

फलाटाच्या टोकाशी उभी राहून गोदूबाई डोंगरात वळत जाणारे रूळ बघत राहिली.

"तुमी एवढं लांब एकटं जायचा?"

"जायचो."

तिनं त्याचा बधिर हात हातात घेतला आणि दोघं तिथंच सावलीला टेकली.