कालवडीच्या कपाळावरचं कुंकू

विस्कॉन्सिनमध्ये उन्हाळा म्हणजे एक प्रकारची लग्नसराईच असते. वर्षातला निम्मा काळ बर्फात कोंडलेली माणसं जूनमध्ये बाहेर पडतात ती घरात परत यायचं नाव घेत नाहीत. या गावात स्ट्रॉबेरीचा महोत्सव, त्या गावात मक्याचा, पलीकडे चीजचा, आणि ज्या गावाकडे मिरवायला काहीच नाही ते गाव जुने ट्रॅक्टर रांगेत उभे करून त्यांचा महोत्सव करतं. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आमच्या गाडीच्या टप्प्यातला यातला एकही मी सोडला नाही. मला सहावा महिना होता. पाय सुजायला लागले होते, उन्हात जरा उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तरी शनिवार उजाडला की मी नवऱ्याच्या मागे लागायचे, चल, आज कुठेतरी जाऊ. कारण एकच होतं. माझी आई सांगलीहून बाळंतपणासाठी आली होती आणि तिला परत जायचं होतं.

आली तेव्हा तसं नव्हतं. मेच्या शेवटी ती विमानातून उतरली ती डिंक, आळीव, सुंठ, बाळंतशेपा आणि जुन्या साड्यांची दुपटी यांनी भरलेल्या दोन बॅगा घेऊन. पहिले पंधरा दिवस तिने माझं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. नंतर करायला काही उरलं नाही. नवरा ऑफिसला जायचा. माझा व्हिसा डिपेंडंटचा, मला नोकरीची परवानगी नाही, म्हणून मी घरातच. दोघी समोरासमोर बसायचो. आई बाल्कनीत खुर्ची टाकून पार्किंगकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, इथे माणसं राहतात ना नक्की, की नुसत्या गाड्याच.

मग एका रात्री जेवताना तिने जावयाला विचारलं, तिकीट अलीकडचं करून मिळतं का हो. कारण विचारलं तर म्हणाली, बाबांच्या गोळ्यांकडे कोणी बघत नसेल. पुढच्या आठवड्यात कारण बदललं. वहिनीची शाळा सुरू झाली, नातवंडांकडे कोण बघणार. त्याच्या पुढच्या आठवड्यात गच्ची गळत होती. आमची गच्ची माझ्या लहानपणापासून गळते आहे आणि आईने ती कधी मनावर घेतल्याचं मला आठवत नाही. मी समजून गेले की बाईंचा इथे जीव रमत नाही आणि त्या काहीतरी निमित्त शोधताहेत.

मला ती हवी होती. आदल्या वर्षी फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, माझा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला होता. फोनकार्ड खरवडून आईला फोन लावला. मी सांगितलं, आणि तिने विचारलं, जेवलीस का. आमच्या घरात असंच बोलतात. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य आमच्याकडे कोणी उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही. यावेळी पोटातलं बाळ लाथा मारत होतं, डॉक्टर सगळं छान आहे म्हणत होते, आणि मी मात्र ते जरा शांत झालं की घाबरून डाव्या कुशीवर वळत होते. बाळंत होताना आई खोलीत असावी, एवढं एकच मला या जगाकडून हवं होतं. आणि तेवढंच तिला सांगायला माझी जीभ उचलत नव्हती.

नवरा नागपूरचा. त्याला कुठेही बसवा, तो तिथे सुखाने बसतो. तो म्हणायचा, “अगं, सरळ बोलून टाक ना यार. थांब म्हणावं.” त्याला काय जातंय सांगायला. मी ठरवलं, आईला इतकं फिरवायचं, इतकं रमवायचं, की ती जाण्याचं नावच काढणार नाही.

तर आम्ही फिरलो. नवरा शुक्रवारी ऑफिसात रस्त्याचे नकाशे छापून आणायचा आणि शनिवारी सकाळी आम्ही मक्याच्या शेतांमधून निघायचो. स्ट्रॉबेरीच्या महोत्सवात आईने एक स्ट्रॉबेरी खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि उरलेली टोपली माझ्या हातात दिली. चार जुलैच्या मिरवणुकीला लोकांनी आदल्या संध्याकाळीच फुटपाथवर खुर्च्या मांडून जागा धरल्या होत्या. रात्रभर एकही खुर्ची चोरीला गेली नाही याचं तिला मिरवणुकीपेक्षा जास्त कौतुक वाटलं. आगीच्या बंबावरून गोळ्या-चॉकलेटं फेकत होते, त्यातली एक तिच्या ओच्यात पडली, ती तिने पर्समध्ये ठेवून दिली. पोल्का नावाच्या नाचाला आम्ही एक अख्खी दुपार बसलो. आजी-आजोबा एकमेकांच्या कमरेत हात घालून गरागरा फिरत होते आणि एक लठ्ठ गृहस्थ अ‍ॅकॉर्डियन पिळत होते. मी दर पाच मिनिटांनी आईच्या तोंडाकडे बघायचे, आवडतंय का. ती माझ्याकडे बघून हसायची. मक्याच्या महोत्सवात कणीस सोलून, सालीला धरून, लोण्याच्या डब्यात बुचकळून देतात. आईने पर्समधून कॅमेऱ्याच्या रोलची डबी काढली, त्यात तिखट-मीठ होतं, ते कणसाला चोळलं आणि मगच खाल्लं. मला वाटलं, चला, हे जमलं. घरी येताना गाडीत ती जावयाला म्हणाली, तिकिटाचं विचारलं का हो विमानवाल्यांना.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. रागाने माझे कान तापले होते. एवढा जिवाचा आटापिटा करायचा, सुजलेल्या पायांनी धुळीत वणवण करायची, आणि हिचं आपलं तिकीट. मी पुढचा शनिवार आणखी घट्ट बांधला. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं. एका जागी अर्धा तास झाला की मला पुढच्या जागेची घाई व्हायची. नवरा एकदा म्हणाला, आपण हे सगळं एन्जॉय करतोय ना? मी त्याला गप्प बस म्हटलं.

ऑगस्टमध्ये काउंटीची जत्रा लागली. मला आठवा महिना. पाळणे, तळलेल्या चीजचे गाडे, धूळ, आणि मागच्या बाजूला जनावरांचे लांबच लांब गोठे. तिथे गाई-गुरांची स्पर्धा असते. जनावराला आंघोळ घालतात, मशीनने केस भादरतात, शेपटीचा गोंडा फुलवतात आणि मग पांढरे कपडे घालून त्याला पंचासमोर फिरवतात. नवरा लिंबाच्या सरबताच्या रांगेत उभा राहिला आणि आम्ही दोघी सावलीसाठी गोठ्यात शिरलो.

सबंध उन्हाळ्यात पहिल्यांदा आई माझ्या पुढे चालायला लागली. शेणाचा आणि पेंढ्याचा वास आला तशी तिची पावलंच बदलली. लहानपणी तिच्या माहेरी गाई होत्या. एका काळ्या-पांढऱ्या कालवडीपाशी ती थांबली. कालवडीची मालकीण, आईच्याच वयाची एक रुंद बाई, पांढराशुभ्र शर्ट घालून तिला ब्रश करत होती. आमच्याकडे बघून हसली, हवेबद्दल दोन शब्द बोलली आणि दावं बदलून आणायला पलीकडे गेली. आईने कालवडीचं पोट बघितलं, कास बघितली आणि म्हणाली, गाभण आहे गं, पहिलारू आहे, आता महिन्याभरात व्यायची ही.

मी खाली बसायला काही मिळतंय का ते बघत होते. वळून बघते तर आईने पर्समधून कुंकवाची डबी काढली होती. मी अगं अगं म्हणेपर्यंत तिने कालवडीच्या कपाळावरच्या पांढऱ्या चांदावर चांगलं बोटभर कुंकू टेकवलं, तिच्या मानेवरून हात फिरवला आणि कानाशी वाकून म्हणाली, “भिऊ नकोस हां बाई. मी आहे.”

मला आधी काय वाटलं ते सांगते. कुंकवाचं नाही, स्पर्धेचं नाही. मला त्या कालवडीचा हेवा वाटला.

मग कालवडीने डोकं झटकलं, कुंकू नाकापर्यंत ओघळलं आणि मी भानावर आले. त्या बाईने सकाळपासून घासून जनावर लख्ख केलं होतं आणि आता तिला पंचासमोर न्यायचं होतं. मी पर्समधले ओले टिश्यू काढून पुसायला गेले. व्हायचं तेच झालं. लाल टिकली होती ती गुलाबी होऊन कपाळभर पसरली. तेवढ्यात मालकीण दावं घेऊन परत आली.

तिने विचारलं, हे काय आहे, रंग आहे का. तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्तच होता. मी दहादा सॉरी म्हटलं. आई माझ्या मागून म्हणाली, तिला नीट सांग, पहिली खेप आहे, सुखरूप मोकळी होऊ दे म्हणून लावलं. मी इंग्रजीत सांगायला लागले. आमच्याकडे असं असतं, माझ्या आईला वाटलं, तिचं पहिलंच वेत, ती सुखरूप. तिथे मी रडायला लागले. त्या बाईने माझ्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, तुमचंही पहिलंच का. मी हो म्हटलं. मग नाही म्हटलं. आणि मग त्या अनोळखी बाईला, शेणात उभी राहून, मी सगळं सांगून टाकलं. फेब्रुवारी, बर्फ, रात्री न लागणारी झोप, आणि ही माझी आई आहे, हिला परत जायचंय आणि मला फार भीती वाटतेय. इंग्रजीत ते वाक्य किती सहज आलं याचं मला आजही नवल वाटतं.

आई म्हणत होती, काय सांगतेस तिला एवढं, रडतेस कशाला, काय झालं.

मालकिणीने एका खोक्यातून पावडरचा डबा काढला. बाळाच्या अंगाला लावतात ती साधी पावडर. गाईचे पांढरे ठिपके पांढरे दिसावेत म्हणून ती थापतात, हे मला तेव्हा कळलं. तिने तो डबा माझ्या नाही, आईच्या हातात दिला आणि कपाळाकडे बोट दाखवलं. आई पदर खोचून पावडर थापायला लागली. मग ती बाई मला म्हणाली, विचार ना तुझ्या आईला, कधी जाणार आहे ते.

मी आईला म्हटलं, “ती विचारतेय, तू कधी जाणार.”

“मी कशाला जाईन?” आई पावडर थापता थापताच म्हणाली. “तूच मला घरात ठेवत नाहीस.”

मला काही कळेना. मग तिने हात थांबवला आणि जे साचलं होतं ते सगळं बाहेर काढलं. शनिवार उजाडला की मला गाडीत घालतेस. या वयात माझे गुडघे दुखतात, उन्हाने डोकं चढतं, पण तुझी हौस म्हणून मी येते. तुझा जीव दोन घटका घरात टिकत नाही. मला वाटलं, आईबरोबर चार भिंतीत बसायचं हिला जड जातंय. दवाखान्यात नर्सा आहेत, नवरा आत येतो म्हणतेस, पुस्तकं आहेत. मग मी कशाला अडगळ होऊन राहू. म्हटलं, जावं.

“मला वाटलं, तू कंटाळलीस,” मी म्हटलं.

“कंटाळले ना. त्या मक्याला कंटाळले, त्या पेटीवाल्याला कंटाळले. तुला कंटाळले असं कधी म्हटलं मी?”

म्हणजे त्या पोल्काच्या दुपारी ती माझ्यासाठी बसली होती आणि मी तिच्यासाठी. दोघींपैकी एकीने जरी जांभई दिली असती तरी आम्ही घरी येऊन झोपलो असतो. मला हसू यायला लागलं आणि ते रडण्यात मिसळलं. मालकिणीला शब्द एकही कळला नव्हता, पण तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि कालवड घेऊन रिंगणाकडे गेली. पंचाने तिच्या कपाळाकडे जरा रोखून बघितलं. नंबर काही आला नाही. बाहेर येताना मालकीण आईकडे बघून हसली आणि आपल्या पोटापुढे हाताने गोल करून अंगठा दाखवला. आईनेही अंगठा दाखवला. नवरा तीन सरबतं घेऊन आला तेव्हा त्यातला बर्फ वितळला होता.

पुढच्या शनिवारी तो सवयीने नकाशा घेऊन आला. कुठल्याशा गावात मासळीचं जेवण होतं. आईने त्याला सांगितलं, तुम्ही जाऊन या, आम्ही घरी आहोत. तो बिचारा सोफ्यावर बसला. आईने माझे पाय मांडीवर घेतले आणि तेल लावायला लागली. मी झोपले ती दुपारच्या जेवणालाच उठले. उरलेला ऑगस्ट आम्ही कुठेही गेलो नाही आणि मला कुठे जावंसं वाटलंही नाही.

सप्टेंबरमध्ये कळा सुरू झाल्या. नवरा एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. नर्सने मॉनिटर बघत काहीतरी लिहिलं, कपाळाला आठी घातली, आणि मी आईकडे बघितलं. आईने वाकून माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, “भिऊ नकोस हां बाई. मी आहे.”

त्या अवस्थेतही माझा तिरसटपणा गेला नव्हता. मी म्हटलं, हे तू त्या कालवडीला आधी सांगितलंस.

“तेव्हाही तुलाच सांगत होते,” आई म्हणाली.