नव्वद फुटांवरचा खड्डा

भरे गावात आमची विहीर सामाईक होती, अर्धी माझी, अर्धी धाकट्या चुलतभावाची. तिच्या वरच्या अंगाला त्याचं पडीक शेत. पिरंगुटकडे कारखाने आले, तेव्हा त्यानं ते एका ठेकेदाराला तेलाच्या टाक्यांच्या तळचा गाळ खड्डा खणून टाकायला दिलं. मला विचारलंही नाही. खड्ड्यापासून विहीर नव्वद फूट, हे मी टेप लावून दाखवलं.

"लई मोजतोस दादा. टेप घिऊनच जन्मलास जनू."

गाळ उचलायला ठेकेदार तयार नव्हता. शेवटी त्यानंच पुण्याहून एक प्राध्यापक आणले. त्यांच्याकडे जिवाणू होते. साखर कारखान्याच्या मळीवर वाढवले की ते स्वतःच साबणासारखा पदार्थ तयार करतात आणि मातीला चिकटलेलं तेल सुटून वर येतं, असं ते म्हणाले. मला पटेना, तेव्हा त्यांनी बरणीत गाळ आणि जिवाणू घालून ती आमच्या ओट्यावर ठेवली. काही दिवसांनी वर दोन बोटं तेल, मध्ये पाणी, तळाला राखाडी माती. मी पट्टी लावून पाहिलं. माणूस खरं बोलत होता. तेल निघालं की खड्डा उपसून बुजवायचा, असं ठरलं. मला तेवढंच हवं होतं.

खड्ड्यात जिवाणूंची पिंपं ओतली. फेस धरला. "आता दुसरं काही घालू नका," असं बजावून प्राध्यापक गेले.

भावाला दम कुठला! त्यानं धुण्याच्या पावडरीची गोणी ओतली आणि बांबूनं खड्डा घुसळून काढला.

"काय केलंस हे?"

"त्यांचं किडं करत्यात त्यो साबनच न्हवं? मग ह्यो काय वंगाळ हाय?"

तेल सुटलं, पण वर आलं नाही. पाण्यात असं मिसळलं, की खड्डाभर चहा दिसावा. प्राध्यापक येणार कळताच या शहाण्यानं खड्ड्याचा बांध फोडून सगळं वाहून जाऊ दिलं. उतार कुणीकडे, ते त्याच्या शेळ्यांनाही ठाऊक होतं.

नुसता तवंग असता तर काढता आला असता. इथं पाणीच नासलं. आम्ही विहीर पुन्हा पुन्हा उपसली, वास गेला नाही.

"झऱ्यानं हुईल साफ, दादा."

"मग पी घोटभर." मी तांब्या पुढं केला.

त्यानं तो हुंगला आणि माझ्या पायांवर ओतला.

दोन्ही घरच्या बायका गावातल्या हापशावरून पाणी आणू लागल्या, एकाच वाटेनं, न बोलता. विहिरीच्या माझ्या बाजूला मी बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्याची बाजू उघडी ठेवली. त्याला प्यायचं असेल तर त्यानं प्यावं.