लागला म्हणायचं कोणी

एकोणीसशे चोपन्न साल. मी एकोणीस वर्षांचा. वस्ताद माझ्या बरगडीला गदगा टेकवायचे आणि तिथंच धरून ठेवायचे. म्हणायचे, "बोल."

"लागला," असं मी म्हणालो की मगच काढायचे.

फरी-गदगा आता फारसा कोणी खेळत नाही, म्हणून सांगतो. एका हातात चामडं मढवलेला दांडका, तो गदगा. दुसऱ्या हातात लहान चामडी ढाल, ती फरी. चुन्यानं आखलेलं रिंगण. आधी सलामी, मग खेळ. डोकं, खांदा, बरगडी, मांडी, इथं गदगा लागला तर गुण. गुडघ्याखाली मारला तर उलट आपलाच गुण जातो. पाच गुण आधी करील तो जिंकला. आणि आमच्या भागात आणखी एक कायदा होता. ज्याला लागला त्यानंच तोंडानं सांगायचं. मारणाऱ्यानं हात थांबवून वाट बघायची, मागायचं नाही. बघणाऱ्यानं ओरडायचं नाही. पंचानं नुसतं मोजायचं.

वस्ताद लासुर्ण्याच्या तालमीत शिकवायचे. अंगानं इतके किडकिडीत की नवा माणूस त्यांना तालमीतला पाणक्या समजायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्यापुढं मोठमोठे पैलवान विडी लपवतात. एकदा एका गड्याच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं, तरी तो म्हणाला, "न्हाय लागला." वस्ताद म्हणाले, "मग ते काय उगवलंय रं? भोपळा?" सगळी तालीम हसली. ते हसले नाहीत. महिनाभर त्याला रिंगणात घेतलं नाही, हौद भरायला लावला.

माझ्यावर त्यांचा जीव होता, हे मी कबूल करतो. माझा बाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने लांब असायचा. तालमीपायी मी मागं राहिलो. वस्तादांची बायको मला भाकरी वाढताना कुरकुरायची, तर हे आतल्या खोलीतून म्हणायचे, "वाढ की. त्येचा हात माझ्यापरीस जलद हाय." माझ्या तोंडावर मात्र कधी म्हणाले नाहीत.

त्या साली एका कारखान्याच्या साहेबानं निमगाव केतकीच्या बाजाराला सामने लावले. जिंकेल त्याला कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला घेणार, राहायला खोली देणार. खोली! आमच्या घराण्यात दाराला आतून कडी लावून कोणी झोपलं नव्हतं. बाप कळप दुसऱ्याच्या हवाली करून बघायला आला.

पंच कोण, तर वस्ताद. समोरच्यांनीच मागून घेतले. म्हणाले, "त्यो माणूस पोटच्या पोराला बी सोडायचा न्हाय."

शेवटचा डाव इंदापूरकडच्या एका गड्याशी. चार-चार झाले. मी फरी मुद्दाम खाली घेतली, तो फसला, आणि मी गदगा त्याच्या खांद्यावर टेकवला. टेकवला म्हणजे टेकवला. मी हात थांबवला. त्यानं माझ्याकडं बघितलं, वस्तादांकडं बघितलं, आणि तोंड मिटूनच माझ्या बरगडीत हाणला.

मीही गप्प राहू शकलो असतो. पण सवय लावून ठेवलेली. "लागला," माझ्या तोंडातून गेलं.

वस्तादांनी बोट वर केलं. पाच.

बापानं पटका झाडला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि कळपाच्या वाटेला लागला.

परतताना बैलगाडीत मी वस्तादांना विचारलं, "खांद्यावरचा माझा वार तुमाला दिसला का न्हाय?"

"दिसला."

"मग?"

"माझ्या अंगाला लागला न्हवता."

"वस्ताद, माझी खोली गेली."

"व्हय. गेली."

"एक शबुद टाकला असता तर?"

"आज म्या तुझ्यासाठी टाकायचा, उद्या त्येच्या वस्तादानं त्येच्यासाठी. मग खेळायचं कशाला? भांडायचंच की."

सत्तर वर्षं झाली. लोक म्हणतात, वस्ताद देवमाणूस होते. असतील. त्यांचं नाव राहिलं, त्या खोट्याला खोली मिळाली, आणि खरं बोलून मी काय मिळवलं ते मला कोणी दाखवावं. वस्ताद वारले तेव्हा निरोप आला होता. मी गेलो नाही. वाईट वाटलं का, हे मला विचारू नये.

तालीम सोडणाऱ्यानं फरी-गदगा वस्तादांच्या हातात परत द्यायचा, पाया पडायचं, मग ते पाठीवर हात ठेवणार, अशी रीत. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात फरीच्या चामड्याला तेल लावत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "आलास? डावा पाय उचलून टाकतुयास तू. म्हून वार हलका पडला. भक्कम बसला असता तर त्येच्या तोंडातनं आपसूक निघालं असतं. उभा ऱ्हा, दावतो." आणि उठायला आधार म्हणून त्यांनी माझ्यापुढं हात केला.

मी फरी-गदगा त्यांच्या पुढ्यात मातीत टाकला. पाया पडलो नाही. तसाच फाट्यापर्यंत चालत गेलो आणि बारामतीची पहिली मोटार धरली.