सुतळीने मोजलेला आडोसा

२०१५ ते २०१८ अशी तीन वर्षं घोलवडला आमच्या चिकूच्या पॅकिंग शेडमध्ये दर रविवारी दुपारी राक्षस मरत होते. फासे, कागद-पेन्सिल आणि कल्पना यांवर चालणारा तो लढायांचा खेळ मी मुंबईत शिकलो आणि पुस्तकासकट घरी आणला. चालवायचो मी, म्हणजे राक्षस माझे आणि नियमांचा निवाडाही माझा. खेळायचे तिघं: दादा, वहिनी आणि शेजारचा नर्सरीवाला. प्लायवूडवर आखलेले चौकोन, काड्यापेट्यांच्या भिंती आणि राक्षस म्हणून खोक्यात न जाणारे बारके चिकू. लढाई संपली की त्यातले पिकलेले राक्षस आम्ही खाऊन टाकायचो.

वहिनी तलासरीकडची. आठवडाभर शेडमध्ये चिकू निवडायची, खोकी भरायची, आणि घरात तिचा आवाज म्हणून ऐकू यायचा नाही. रविवारी मात्र ती तिरंदाज व्हायची आणि दादाला "मागे सरा, मध्ये येताय" असं बिनधास्त सुनवायची. दादा सरायचा. तिची ती तिरंदाज माझी फार लाडकी होती, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आडोशाचा नियम साधा. बाण मारणाऱ्याच्या चौकोनापासून समोरच्याच्या चौकोनाच्या कोपऱ्यांपर्यंत दोरा ताणायचा. तो भिंतीला अडला तर आडोसा आहे, म्हणजे बाण लागणं कठीण. आम्ही खोकी बांधायची सुतळी ताणायचो. एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती इतकी जाड आहे की कुठेतरी अडतेच, आणि सगळ्यांना फुकटचा आडोसा मिळतोय. झालं, माझं डोकं फिरलं. चिंचणीला जाऊन तंगूस, म्हणजे मासेमारीचा बारीक नायलॉनचा दोरा, घेऊन आलो.

त्या रविवारी वहिनीची तिरंदाज पुढे आली, तिने बाण मारला आणि काड्यापेटीपाशी थांबली. वहिनीने सवयीने सुतळी उचलली. मी तंगूस ताणला. तो कुठेच अडला नाही. राक्षसाचा बाण लागला आणि तीन वर्षं जगवलेली तिरंदाज मेली.

"बाण मारून परत मागे गेले असते तर?" वहिनीने विचारलं.

"आधी चालायचं, मग मारायचं. मारलं की तिथेच. नियम आहे."

 तिरंदाजाची माहिती लिहिलेल्या कागदाची घडी करून ती घरात निघून गेली.

पुढचे चार रविवार ती आलीच नाही. "पॅकिंग आहे," म्हणायची. रविवारी कसलं आलंय पॅकिंग! दादा फासे टाकायचा आणि दाराकडे बघायचा. नर्सरीवाला म्हणाला, "अरे, भाभीला परत जिवंत कर ने, तारू शुं जाय छे?" मी म्हटलं, माझं काही जात नाही, पण नियम म्हणजे नियम. खरं तर मलाच करमत नव्हतं, पण माघार कोण घेणार?

पाचव्या रविवारी पुस्तक जागेवर नव्हतं. ते घेऊन वहिनीच शेडमध्ये आली. तीन वर्षांत माझ्याशिवाय ते कोणी उघडलं नव्हतं. बारावीच्या इंग्रजीवर, मोबाईलवर शब्द शोधत, तिने लढाईचं अख्खं प्रकरण वाचून काढलं होतं. पेन्सिलीने खूण केलेलं पान तिने माझ्यापुढे धरलं. एका पाळीत मिळणारी सहा चौकोनांची चाल तोडून वापरता येते, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. तीन पुढे, बाण मारायचा, तीन मागे.

मी दोनदा वाचलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते असं. सुतळीची जाडी काढत बसलेल्या मला हे मुसळ तीन वर्षं दिसलं नव्हतं. भयंकर लाज वाटली.

"वहिनी, चुकलं माझं. म्हणजे ती मेलीच नाही. आपण तो डाव परत खेळू."

"राहू द्या. मेली ती मेली," वहिनी म्हणाली. "पण आजपासून खेळ मी चालवणार."

दादाने लगबगीने माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली. मी पहिल्यांदाच खेळणाऱ्यांच्या बाजूला बसलो, एक तलवारबाज घेऊन. तासाभरात माझी वाट लागली. जीव एका फटक्याचा उरलेला, चाल संपलेली, समोर बाण रोखून एक चिकू. शेजारी काड्यापेटी होती, पण तंगुसाने मोजलं तर मी मेलो, हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं. 

वहिनीने तंगूस उचलला. माझ्याकडे पाहिलं. मग तो खाली ठेवून तिने खोक्याची सुतळी सोडली आणि नीट ताणून धरली.

"अडतेय," ती म्हणाली. "भाऊजी, तुम्हाला आडोसा आहे."