कांब गार झाली पाहिजे!

किस्से आम्ही काही मुद्दाम जमवले नाहीत हो. टेबलाखालच्या वायरींसारखे आपोआप गुंतत गेले. नव्वदच्या दशकात लोणंदजवळच्या एका कॉलेजात मी फिजिक्सचा लॅब असिस्टंट होतो. आमच्या घोरपडे सरांना पीएच.डी. करायची होती, आणि तीही कशावर? दूर आकाशात तारे आदळले की ज्या गुरुत्वीय लहरी निघतात, त्या पकडणाऱ्या यंत्रावर!

यंत्र म्हणजे डब्यात टांगलेली ॲल्युमिनियमची जाड कांब. लहर आली की ती कणभर थरथरणार. पण कांबेची स्वतःची उष्णताच तिला सारखी थरथरवते, म्हणून आधी ती गार करायची. "तापलेल्या माणसाला हळू बोललेलं ऐकू येतं का?" सर विचारायचे.

*

गार करायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो मिळायचा जनावरांच्या दवाखान्यात! गाई-म्हशी गाभण करायला वळू-रेड्यांचं वीर्य भरलेल्या कांड्या तिथं नायट्रोजनच्या कंटेनरात ठेवतात. तिथले कांबळे अण्णा उरलासुरला आम्हाला मोपेडवरून आणून द्यायचे.

पहिल्याच दिवशी लेव्हल दाखवणारं सरांचं मीटर गारठून बंद पडलं. अण्णांनी खिशातून लाकडी पट्टी काढली, आत बुडवली आणि बाहेर काढून हवेत हलवली. जिथपर्यंत पांढरं बर्फ धरलं, तिथपर्यंत नायट्रोजन.

"सर, ह्याला सेल लागत न्हाईत!"

*

आमचे शिपाई तानाजीराव फौजेतून रिटायर झालेले. प्रयोग चालू असताना पावलाचाही आवाज नको, असं सरांनी सांगितलं. तानाजीराव अनवाणी पहाऱ्यावर उभे! समोरून प्राचार्य आले.

"हॉल्ट! बूट काढा."

"अहो, मी प्राचार्य आहे!"

"व्हय सर. तुमचाच बूट लय वाजतोय!"

त्या दिवशीचा राउंड प्राचार्यांनी मोज्यांवर घेतला.

*

एकदा आलेख काढणारी सुई ताडकन उडाली. सर खुर्चीतून उठले, "आली! लहर आली!" आम्ही टाळ्या वाजवल्या. तानाजीरावांनी शांतपणे खिडकीतून पाहिलं.

"सर, उसाची ट्रॉली हाय. मागनं अजून दोन येत्यात."

सुई अजून दोनदा उडाली.

*

आणि मग तो दिवस. सरांची मुदत संपत आलेली, पुण्याचे गाइड स्वतः बघायला येणार. गार कांबेवर टिचकी मारली की ती बराच वेळ झंकारत राहिली पाहिजे. नाही राहिली, तर पीएच.डी. विसरा!

नेमकी त्याच दिवशी नायट्रोजनची गाडी आली नाही. अण्णांकडे एकच कंटेनर, त्यात पंचक्रोशीच्या कांड्या. नायट्रोजन ओतून घेतला तर त्या नासणार.

"नको अण्णा," सर म्हणाले. "लोकांच्या म्हशी आधी." आणि स्टुलावर बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

अण्णांनी डोकं खाजवलं. मग कंटेनरच मोपेडवरून लॅबमध्ये आणला, सगळा नायट्रोजन कांबेच्या डब्याभोवतीच्या टाकीत ओतला आणि कांड्यांचा गठ्ठाही त्यातच सोडला. "ऱ्हातील की दोगं बी एका थंडीत!"

गाइड आले. टिचकी मारली. सुई हलत राहिली, हलतच राहिली. गाइडनी तीनदा घड्याळ पाहिलं, वही मिटली आणि म्हणाले, "प्रबंध लिहायला घ्या."

आमचा जीव भांड्यात पडला! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात गाइड डब्याशी वाकले. "या कांड्या कसल्या?"

उत्तर दारातून आलं. गावातले सदाआबा म्हशीची दोरी धरून उभे. "अण्णा, हितं हाय व्हय तुमी? सगळं गाव पालथं घातलं! म्हस माजावर हाय. दोनदा भरवून उलटलीया. आता गाभण न्हाई राहिली, तर बाजार दावतो तिला!"

अण्णांनी चिमट्यानं एक कांडी उचलली आणि बाहेर गेले. मागोमाग गाइडही बघायला गेले.

दहा महिन्यांनी घोरपडे सर 'डॉक्टर' झाले. त्याच आठवड्यात आबा डबाभर खरवस घेऊन लॅबमध्ये हजर! "म्हशीला रेडी झाली, सर! तुमच्या यंत्रातली. दोगी ठणठणीत हायत."

सरांनी एक वडी तोंडात टाकली. आबा कांबेकडे बघत राहिले.

"आनि सर, हिला आकाशातलं काय गावलं का वो?"

"अजून नाही, आबा," सर दुसरी वडी उचलत म्हणाले. "पण गार अगदी बरोबर होते!"